बोली, यंत्र आणि संशय : कुंभकोणमच्या मराठीच्या निमित्ताने

मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांविषयी लोकमानसात असलेल्या संशयाची मीमांसा सामान्यतः दोन प्रकारे केली जाते. एका मतानुसार हा संशय म्हणजे नव्याविषयीच्या जुन्या भीतीचा अवशेष होय. दुसऱ्या मतानुसार तो ग्राहक म्हणून आलेल्या कटू अनुभवांतून निर्माण होतो. थोड्या लोकांच्या बोलीचा विचार करू लागताच ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. तेथे आपली भाषा कोणी ऐकावी, कोणी साठवावी आणि ती कोणत्या नावाने ओळखली जावी, असा मूळ प्रश्न असतो. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या मराठीभाषकांची स्थिती पाहिल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

कुंभकोणम हे तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले मंदिरांचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर ती संपुष्टात आली. या काळात तंजावर आणि कुंभकोणम परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबांची भाषा ‘तंजावरी मराठी’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रापासून दीर्घकाळ दूर राहिल्याने तिने काही जुनी रूपे जपली आणि तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांतील शब्दही आत्मसात केले. शाळा, बाजार आणि कचेरी येथील व्यवहार तमिळमध्ये होत असल्याने तिचे क्षेत्र मुख्यतः घरापुरते उरले. अनेक घरांत ती बोलली जाते, परंतु देवनागरी वाचली जात नाही.

हा समाज नवतेचा द्वेष्टा होता असे मात्र इतिहास सांगत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तंजावरात देवनागरी मुद्रणालय चालविले. कुंभकोणमच्या मराठी कुटुंबात १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव इंग्रजी शिक्षण घेऊन त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. कुंभकोणमचे सरकारी महाविद्यालय १८५४ पासूनचे आहे. तेव्हा येथील संशयाला मागासलेपणाचे लक्षण मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

भाषा नोंदविण्याची तंत्रे या प्रदेशाला जुनीच आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरण्यात आला. दरबाराचा व्यवहार मोडी लिपीत लिहिला गेला आणि ती दफ्तरे सरस्वती महाल ग्रंथालयाशी निगडित झाली. या नोंदींनीही निवड केलीच. राजवंश आणि हिशेब नोंदले गेले, स्वयंपाकघरातील बोलणे नोंदले गेले नाही. तथापि त्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. शिलालेख सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि दफ्तर कोठे आहे हे ठाऊक होते. नोंद करणारा, नोंद आणि तिचा उपयोग ही तिन्ही एकाच मुलखात होती. संगणकीय नोंदीत हे सान्निध्य उरले नाही.

लिपीच्या पातळीवर नव्या तंत्राने अल्पसंख्यांना काही दिलेही आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. कुंभकोणममध्येच राहणाऱ्या आणि रेशीम विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या सौराष्ट्री भाषकांच्या लिपीला ते त्याआधी, २००८ मध्ये लाभले होते. परंतु लिपीला संकेतांक मिळाला म्हणजे बोली यंत्राला कळली असे होत नाही. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला आणि बोललेली मराठी लिहून घेण्याची सोय २०१७ मध्ये आली. अशी यंत्रे उपलब्ध मजकूर आणि ध्वनिमुद्रणे यांच्या प्रचंड साठ्यावरून शिकतात. ज्या रूपांचे नमुने विपुल, ती रूपे यंत्राला स्वाभाविक वाटतात. ज्यांचे नमुने विरळ, ती चूक म्हणून जवळच्या प्रमाण रूपाकडे वळविली जातात. तंजावरी मराठीसारख्या बोलीला या पद्धतीत ‘मराठी’ या नावाखाली जागा असते, पण तिच्या वेगळेपणाला नसते. यंत्राने एखादे वाक्य ‘दुरुस्त’ केले म्हणजे साडेतीनशे वर्षांचा एक भाषिक प्रवास पुसला जाण्याची शक्यता असते.

यावर तंत्रज्ञांचे उत्तर सरळ असते : बोलीचे अधिक नमुने द्यावेत, म्हणजे यंत्र ती शिकेल. संशयाचे खरे मूळ येथेच आहे. जी भाषा घराबाहेर क्वचितच ऐकू येते, तिचे नमुने घरातूनच घ्यावे लागतात. आणि घरातले बोलणे बाहेर गेल्यावर त्याचे काय होते, याविषयीचा अलीकडचा अनुभव आश्वासक नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अयोग्य रीतीने दिली गेली असावी असे फेसबुकने मान्य केले. त्यांत सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय होते. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्या ध्वनिसहायकांची काही मुद्रणे माणसे ऐकत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये गोपनीयतेच्या अटी बदलल्या. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. या घटना पाहता संशय घेणारा मनुष्य भ्रमिष्ट नसून सावध आहे, असेच म्हणावे लागते.

लहान भाषकसमूहाच्या बाबतीत या धोक्याला आणखी एक बाजू असते. कोट्यवधी भाषकांच्या गर्दीत नाव काढून टाकलेला आवाज निनावी राहू शकतो. ज्या बोलीची कुटुंबे परस्परांच्या नात्यागोत्यांत ओळखली जातात, तिच्यात उच्चार, नात्यांचे शब्द आणि गावाचा उल्लेख एवढ्यानेही बोलणारा ओळखता येतो. नाव पुसण्याने त्याचे संरक्षण होतेच असे नाही.

उलट पक्षी, दार पूर्ण बंद ठेवण्याची किंमतही मोठी आहे. या समाजातील कुटुंबे आता चेन्नई, बेंगळूरु आणि परदेशांत विखुरली आहेत. आजी आणि नातवंडे यांच्यातील बोलीचे दळणवळण पुष्कळदा याच कंपन्यांच्या साधनांतून चालते, आणि तंजावरी मराठीतील ध्वनिचित्रफिती यूट्यूबवर आढळतात. ज्या साधनाविषयी शंका आहे त्याच साधनावर बोलीचे टिकणे काही अंशी अवलंबून आहे. नमुने न द्यावेत तर बोली यंत्राच्या जगात अदृश्य राहते. द्यावेत तर तिच्यावरचा ताबा सुटतो. हा पेच केवळ वापरणाऱ्याच्या शहाणपणाने सुटणारा नाही.

कायद्याने या पेचाचा एक भाग हाताळला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संमती जितक्या सुलभतेने दिली तितक्याच सुलभतेने ती मागे घेता यावी, असे तत्त्व मांडले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना पुढे अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला. परंतु हा कायदा व्यक्तीच्या माहितीचा विचार करतो. बोली ही एका व्यक्तीची नसते. एका आजीने दिलेल्या संमतीने संपूर्ण समूहाच्या भाषेचा नमुना यंत्रात जातो, आणि समूहाचे मत विचारण्याची तरतूद त्यात नाही.

यावरून असे दिसते की, तंत्रज्ञानाविषयीचा संशय सर्वत्र एकाच स्वरूपाचा नसतो. मोठ्या भाषेच्या भाषकाला आपली माहिती जाण्याची चिंता असते. लहान बोलीच्या भाषकाला तिच्या जोडीला आपले वेगळेपण जाण्याचीही चिंता असते. तिचे निराकरण उपदेशाने होणार नाही. बोलीचे मुद्रण कोठे राहील, ते कोण वापरील, ते परत घेता येईल काय आणि तिची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने होईल काय, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे प्रथम मिळाली पाहिजेत. विद्यापीठे आणि ग्रंथालये यांना येथे कंपन्यांच्या आधी पोहोचण्याची संधी आहे. कारण तंजावरच्या दफ्तराप्रमाणे त्यांचा पत्ता ठाऊक असतो आणि त्यांच्याकडे जाऊन जाब विचारता येतो.