नाग मातीचा कीं जिवंत ?

श्रावण लागला म्हणजे आमच्या शिराळ्यांत चार माणसें जमलीं कीं दुसरा विषय निघत नाहीं. भाताची भांगलण आटोपली कीं नाहीं, मोरणेला पाणी किती आलें, ही चौकशी मागें पडते आणि कोणीतरी विचारतो, “यंदा नाग निघणार काय ?”

बाहेरगांवच्या वाचकांसाठीं थोडी हकीकत सांगणें प्राप्त आहे. सांगली जिल्ह्यांतील या गांवास बत्तीस शिराळा म्हणतात, आणि येथें नागपंचमीस जिवंत नाग पूजण्याची जुनी चाल होती. पंचमीच्या आधीं कांहीं दिवस माणसें बांधाबांधानें हिंडत, नाग धरीत, मातीच्या गाडग्यांत ठेवीत, पंचमीस अंबामातेच्या देवळीं नेऊन मिरवीत आणि सण उरकला कीं पुन्हा रानांत सोडीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही ही चाल चालूच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2014 च्या आदेशानंतर मात्र जिवंत नागांची जाहीर पूजा व मिरवणूक थांबली. 2025 सालीं केंद्र सरकारनें पारंपरिक ज्ञान व शिक्षण या प्रयोजनासाठीं मर्यादित संख्येनें नाग धरण्यास परवानगी दिली. खेळ व करमणूक यांस तींत थारा नव्हता.

या प्रकरणीं गांवांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आमचा धर्म बुडाला. दुसरा म्हणतो, रानटीपणा संपला. आम्हांस दोघांचेंही पटत नाहीं.

धर्माचेंच आधीं पाहूं. गांवची दंतकथा अशी कीं गोरक्षनाथ महाजनांच्या दारीं भिक्षेस आले असतां गृहिणीस भिक्षा घालण्यास उशीर झाला, कारण ती मातीच्या नागाची पूजा करीत होती. नाथांनीं विचारलें, जिवंत नागाची पूजा करशील काय ? तिनें होकार दिला आणि चाल पडली. आतां या कथेंत मातीचा नाग वडील कीं जिवंत, हें वाचकांनींच सांगावें. महाराष्ट्रांतील घरोघरीं पाटावर गंधानें काढलेले अथवा मातीचे नागच पूजिले जातात, आणि त्या बायकांचें पुण्य उणें पडल्याचें आम्हीं कोणा शास्त्र्याच्या तोंडून ऐकलें नाहीं. महाभारतांत जनमेजयाचें सर्पसत्र थांबविणारा आस्तीक हा ऋषीचा व नागकन्येचा पुत्र. पेटलेल्या यज्ञांतून नागांस वांचविणें ही या सणामागची मूळ कथा. मग त्याच सणास नाग चार दिवस गाडग्यांत कोंडून ठेवावा, हें आम्हांस कसेंसेंच वाटे. (व्याकरण शिकलेल्या माणसास ही पंचमी आणखी एका कारणानें प्रिय असते. पतंजलि शेषाचा अवतार मानला जातो, आणि काशींत नागकुव्यावर या दिवशीं शास्त्रार्थ होतो. तेथें फणा काढतात ते पंडित !)

शिवाय अलीकडच्या मिरवणुकींचें रूप ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं उगाच डोळे पुसूं नयेत. नागास ध्वनिवर्धकाचें गाणें आपल्यासारखें ऐकूं येत नाहीं. त्याच्या अंगास भिडतो तो हादरा. फणा काढतो तो प्रसन्न होऊन नव्हे, भेदरून. दूध हें त्याचें अन्नच नाहीं. कोणाचा नाग किती लांब, कोणाचा फणा किती उंच, अशा पैजा लागूं लागल्या तेव्हांच पूजा संपली होती. न्यायालयानें नंतर फक्त तिची नोंद केली.

इतकें म्हटल्यावर दुसऱ्या पक्षाचे लोक आमच्या पाठीवर थाप मारण्यास येतील. त्यांनीं थोडें थांबावें. या गांवांत नाग दिसला म्हणून काठी घेऊन धांवणारा माणूस पूर्वीं क्वचितच सांपडे. ओल्या मातींतील खूण पाहून कोणत्या वारुळांत जनावर आहे हें सांगणारे, त्यास न दुखवितां धरणारे व मोजून पुन्हा रानांत सोडणारे लोक येथें होते. कायद्यानें त्यांस गुन्हेगारांच्या रांगेंत उभें केलें, त्यांचें ज्ञान लिहून घेण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं. तामिळनाडूंत तसें झालें नाहीं. तेथील इरुळ लोकांची सहकारी संस्था 1978 सालीं निघाली, आणि सरकारी परवान्यानें साप धरून, विष काढून ते पुन्हा सोडण्याचें काम ते लोक करूं लागले. सर्पदंशावरील लस त्या विषापासून होते. तोच कायदा, तेंच जनावर. पण तेथें धरणाऱ्या हातास किंमत आली.

आमच्या तालुक्यास जंगलच्या कायद्याची ओळख जुनी आहे. 1930 सालीं बिळाशीच्या लोकांनीं जंगल सत्याग्रह केला तो परक्या सरकारविरुद्ध. पुढें 2004 सालीं चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान झालें तें स्वकीय सरकारनें केलें. दोन्ही वेळां रानाचा हिशेब रानाजवळ राहणाऱ्यास विचारून झाला नाहीं, हें आमचें स्पष्ट मत आहे. आणि पुढाऱ्यांचें काय सांगावें ! 2024 च्या निवडणुकींत हा नाग व्यासपीठावरही चढला. बैलगाड्यांच्या शर्यती 2014 सालीं बंद होऊन 2021 सालीं पुन्हा सुरू झाल्या, तेव्हांपासून प्रत्येकास वाटतें कीं नागाचेंही तसेंच होईल. बैल दावणीचा असतो, नाग कोणाचाच नसतो, हा भेद भाषणांत येत नाहीं.

घरांतील सणाला या वादाची झळ लागलेली नाहीं. त्या दिवशीं चिरावयाचें नाहीं, तळावयाचें नाहीं, शेत खणावयाचें नाहीं. पुरणाचीं दिंडें उकडावयाचीं. “पूर्वजांना सारें विज्ञान ठाऊक होतें” असें म्हणणारे हल्ली फार झाले आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. पण पावसाळ्यांत नागाचीं पिलें अंड्यांतून निघतात व बिळांत पाणी शिरून जनावर बाहेर पडतें, हें कुदळ धरणाऱ्या माणसानें पाहिलें असलेंच पाहिजे. घरच्या मुलांस मात्र दिंडें ठाऊक असतात आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांतील भेद ठाऊक नसतो. मण्यार रात्रीं अंथरुणांत शिरून दंश करते, जखम दिसतही नाहीं. घरचे लोक सकाळपर्यंत अंगारा लावीत बसतात आणि लस असलेलें रुग्णालय दूर राहतें.

तेव्हां अशी परवानगी पुन्हा आली, तर पहिलें गाडगें व्यासपीठावर न जातां शाळेच्या पडवींत यावें, आणि पुढाऱ्याच्या आधीं तें आणणाऱ्या म्हाताऱ्यास बोलूं द्यावें. आमच्या आळींत असा एकच गृहस्थ उरला आहे, आणि त्याची दृष्टि अधू झाली आहे.