जंतूंस विष कोठून येतें?

घसा दुखूं लागला कीं मिठाच्या कोमट पाण्यानें गुळण्या करावयाच्या, हा घरोघरचा परिपाठ आहे. त्यानें आराम वाटतो. परंतु घशांत स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतु असतील तर ते मरत नाहींत. डॉक्टरांनीं दिलेलें पेनिसिलिन त्यांस आजही मारतें, आणि तें सांगितलेले सर्व दिवस घेणें अगत्याचें आहे. कारण उपचारावांचून राहिलेल्या अशा घसादुखीनंतर कांहीं मुलांस सांध्यांचा ज्वर येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात.

सूक्ष्मदर्शकांतून पाहिले असतां हे जंतु ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखे दिसतात. माळा सारख्या, पण करणी निराळी! एका मुलाचा घसा नुसता दुखतो, तर दुसऱ्याच्या सर्वांगावर तांबडें पुरळ उठतें. यास स्कार्लेट ज्वर म्हणतात. ज्याच्या रक्तांत प्रतिविष आधींच आहे त्यास पुरळ उठत नाहीं, हें एक कारण झालें. दुसरें कारण जंतूंतच आहे.

हें पुरळ जंतूंनीं सोडलेल्या विषामुळें उठतें, असें शिकागो येथील जॉर्ज व ग्लॅडिस डिक या दांपत्यानें १९२४ च्या सुमारास दाखविलें. पुढें १९६४ सालीं झॅब्रिस्की यांनीं त्याहून नवलाची गोष्ट सिद्ध केली. निर्विष जंतूंत एक विशिष्ट विषाणु शिरून राहिला, कीं ते जंतु विष करूं लागतात! म्हणजे विषाची कृती, अर्थात् तिचें जनुक, हें जंतूचें वडिलार्जित धन नव्हे. तें पाहुण्यानें आणलेलें आहे. म्हणूनच तें कांहीं जंतूंत असतें, कांहींत नसतें.

शिवाय या जनुकाचेही पाठभेद आहेत. पहिल्या तीन प्रकारांत एकेका अक्षराचाच फरक. चौथा मात्र बराच निराळा.

कधीं विष तेंच राहून त्याचें प्रमाण वाढतें. इंग्लंडांत २०१४ पासून स्कार्लेट ज्वर फार वाढला. तेथील जंतूंचा एक नवा वंश लंडनच्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केला. सुमारें १८ लक्ष अक्षरांच्या त्याच्या लेखांत अवघीं २७ अक्षरें बदललेलीं होतीं; तरी तो जुन्या वंशाच्या सुमारें नऊपट विष करीत होता. विषाचें जनुक जसेंच्या तसें होतें. पुढील शोधांत असें आढळलें कीं, त्या जनुकाच्या अलीकडील एका अक्षराच्या बदलानें हें घडलें.