रिप व्हॅन विंकलचा माणूस: जोसेफ जेफरसन (१८२९–१९०५)

फिलाडेल्फियातल्या नाटकवाल्या घराण्यात जन्म. अगदी लहानपणी रंगमंचावर पाऊल. १८४२ मध्ये वडील वारले आणि पोटासाठी गावोगावच्या फिरत्या कंपन्यांत कामं सुरू झाली. अमेरिका–मेक्सिको युद्धात सैन्याच्या मागोमाग जाऊनही त्याने नाटकं केली. १८५८ मध्ये न्यूयॉर्कला ‘अवर अमेरिकन कझिन’मधल्या एसा ट्रेंचर्डच्या भूमिकेने त्याला नाव मिळवून दिलं. पुढे पत्नीच्या मृत्यूनंतर तो ऑस्ट्रेलियात गेला, तिथे चार वर्षं खेळ केले.

लंडनमध्ये नाटककार डायन बूसिकोकडून त्याने ‘रिप व्हॅन विंकल’ हे नाटक नव्याने लिहून घेतलं. ४ सप्टेंबर १८६५ला ते अडेल्फी थिएटरात आलं आणि १७० रात्री चाललं. वीस वर्षं झोपून उठलेला, स्वतःच्याच गावात अनोळखी ठरलेला हा दारुडा रिप हसवताना प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणी. एकाच भूमिकेत अडकल्याचा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला, पण तो मला पटत नाही. जवळजवळ चार दशकं तीच भूमिका जिवंत ठेवणं हे फार मोठं काम आहे. शिवाय ‘द रायव्हल्स’मधला भित्रा बॉब एकर्सही त्याने तितक्याच प्रेमाने रंगवला.

तो निसर्गचित्रं काढी. १८९० मध्ये आत्मचरित्र आलं. बापाच्या कंपनीला स्प्रिंगफील्डमध्ये जाचक परवाना-शुल्कातून सोडवणारा तरुण वकील लिंकन त्यात भेटतो. १८९६ मध्ये रिपचे काही प्रवेश छोट्या मूकपटांत टिपले गेले. ते आजही पाहता येतात.