म्होरक्या मेल्यानंतरची लढाई

८ जून २००६ रोजी बगदादमध्ये अमेरिकी लष्कराने पत्रकार परिषद घेतली. तिथे चौकटीत बसवलेला एक मोठा फोटो मांडला होता. मिटलेले डोळे, सुजलेला चेहरा, खुरटी दाढी. तो फोटो अबू मुसाब अल-झरकावीचा होता, 'इराकमधील अल-कायदा'च्या म्होरक्याचा. आदल्या संध्याकाळी बकुबा शहराजवळच्या हिबहिब गावात, तो लपला होता त्या घरावर एफ-१६ विमानाने पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब टाकले होते. ओलिसांच्या शिरच्छेदाच्या चित्रफिती जगाला दाखवणारा, शियांच्या बाजारांत आणि मशिदींत स्फोट घडवून यादवी पेटवणारा माणूस संपला होता. इराकमध्ये असंख्य लोकांना त्या दिवशी हायसं वाटलं, आणि तसं वाटण्यात काही चूक नव्हती.

पण त्या वर्षाचा हिशेब वेगळंच सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २००६ मध्ये इराकात ३४ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे झरकावी गेल्यानंतर. काही दिवसांतच अबू अय्यूब अल-मसरी हा स्फोटकांतला जाणकार इजिप्शियन त्याच्या जागी आला. ऑक्टोबरमध्ये संघटनेने 'इराकमधील इस्लामिक राज्य' असं नाव धारण केलं. झरकावीने लावलेलं शिया-सुन्नी वैर आता कुणाच्या हुकमाची वाट पाहत नव्हतं.

दहशतवादी संघटनेचा नेता मारला गेला की लढणाऱ्या प्रत्येक देशापुढे एकच प्रश्न येतो : आता थांबायचं की लढत राहायचं? काहीजण म्हणतात, मुंडकं उडालं, आता सैन्य परत आणा, पैसा आणि माणसं वाचवा. काहीजण म्हणतात, शेवटचा बंदूकधारी संपेपर्यंत थांबायचं नाही. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. लढाई चालू ठेवावीच लागते. पण नेत्याला गाठण्यासाठी जी लढाई केली, तीच तशीच पुढे रेटली, तर हाती आलेलं यश निसटतं.

अभ्यासक काय सांगतात

अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञ जेना जॉर्डन यांनी १९४५ ते २००४ या काळातल्या, नेता मारला किंवा पकडला गेल्याच्या २९८ घटना तपासल्या. नेता गेला म्हणून संघटना कोसळतेच असं नाही, हा त्यांचा निष्कर्ष. जुन्या, मोठ्या आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या संघटना तर हा घाव सहज पचवतात. ब्रायन प्राइस यांनी १९७० ते २००८ मधल्या २०७ संघटनांचा अभ्यास केला आणि नेता गमावलेल्या संघटना इतरांपेक्षा लवकर संपण्याची शक्यता जास्त असते, असं मांडलं. वरवर पाहता ही दोन मतं एकमेकांना छेद देतात. मात्र वयाच्या मुद्द्यावर त्यांचं जुळतं. संघटना कोवळी असताना नेता गेला तर घाव वर्मी बसतो. ती मुरली की तिची माणसं, पैसा आणि शिस्त नेत्याविना चालायला शिकलेली असतात.

तिसरा अभ्यास रँड या संस्थेचा आहे. सेथ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ संघटना पाहिल्या. त्यांतल्या २६८ खऱ्या अर्थाने संपल्या होत्या. त्यांपैकी ४३ टक्के राजकीय प्रवाहात आल्याने संपल्या, ४० टक्के स्थानिक पोलिस आणि गुप्तवार्ता यांच्या कामामुळे, १० टक्के संघटनांनी हवं ते मिळवलं, आणि लष्करी बळाने संपल्या त्या जेमतेम ७ टक्के. नेत्याच्या मृत्यूनंतर जल्लोष करताना हा ७ चा आकडा कुणाला आठवत नाही.

पगारपत्रक आणि भरतीचे अर्ज

असं का होतं, ते संघटनेच्या कागदपत्रांवरून कळतं. इराकच्या अनबार प्रांतात अल-कायदाची हिशेबाची कागदपत्रं अमेरिकी फौजेच्या हाती लागली. रँडच्या अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा एखाद्या कार्यालयात असावी तशी व्यवस्था समोर आली. लढवय्याचा मूळ पगार महिन्याला सुमारे ४१ डॉलर. बायकामुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी रक्कम. पैसा परदेशी धनिकांकडून नव्हे, तर मुख्यत: स्थानिक पातळीवर, लुटलेला माल विकून उभा राहत होता. एका विभागाचा शिल्लक पैसा दुसऱ्या विभागाला पाठवल्याच्या नोंदी होत्या.

२००७ मध्ये सीरियाच्या हद्दीजवळ सिंजार इथे सुमारे ७०० परदेशी लढवय्यांचे अर्ज सापडले. नाव, गाव, सोबत किती पैसे आणले, कोणत्या वस्तू जमा केल्या, आणि 'काम' या रकान्यात : लढवय्या की आत्मघाती. असे कागद जी संघटना सांभाळते, तिचा प्रमुख बदलला तरी काम अडत नाही. पगार वेळेवर निघतो, नवा माणूस दाखल होतो, खंडणीचा हप्ता ठरल्या दिवशी येतो. बॉम्बने माणूस मरतो. ही व्यवस्था मोडायची तर तपास, खटला, बँका, सीमा आणि स्थानिक लोकांचा विश्वास यांवर वर्षानुवर्षं काम करावं लागतं.

मारलेले दोन नेते आणि निसटलेला विजय

इराकमध्ये काही काळ असं काम झालंही. सप्टेंबर २००६ मध्ये अनबारमधल्या रमादी शहरात शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांनी सुन्नी टोळ्यांना अल-कायदाविरुद्ध एकत्र केलं. या उठावाला 'सहवा', म्हणजे जागृती, म्हणतात. वर्षभराने, सप्टेंबर २००७ मध्ये, बॉम्बस्फोटात अबू रिशांचा बळी गेला. पण त्यांनी उभी केलेली फळी टिकली. २००७ मध्ये अमेरिकेने सुमारे ३० हजार जादा सैनिक आणले आणि सहवाच्या माणसांना महिन्याला साधारण ३०० डॉलर देऊन गावोगाव पहाऱ्यावर नेमलं. त्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली. शेजारचा कोण, परका कोण, हे या माणसांना ठाऊक होतं. कुठल्याही ड्रोनला ते ठाऊक नसतं. हिंसाचार झपाट्याने उतरला.

१८ एप्रिल २०१० रोजी अल-मसरी आणि संघटनेचा अमीर अबू उमर अल-बगदादी हे दोघे तिक्रितजवळ एकाच कारवाईत मारले गेले. जूनमध्ये अमेरिकी सेनापती जनरल रे ओडिएर्नो यांनी जाहीर केलं की तीन महिन्यांत संघटनेच्या ४२ प्रमुखांपैकी ३४ मारले किंवा पकडले गेले आहेत. संघटना इतकी खिळखिळी यापूर्वी कधीच नव्हती.

आता सहवाच्या लोकांना सरकारी नोकऱ्या, सुन्नी भागांना सत्तेत वाटा आणि कैद्यांना वेळेवर न्याय द्यायची वेळ होती. झालं उलट. मार्च २०१० च्या निवडणुकीत इयाद अल्लावींच्या आघाडीला ९१ जागा, पंतप्रधान नूरी अल-मालिकींना ८९. तरी डिसेंबरमध्ये सरकार मालिकींचंच बनलं. सहवाच्या पहारेकऱ्यांपैकी २० टक्क्यांना पोलिसांत आणि सैन्यात घेण्याचा वायदा रेंगाळला. पगार थकले. काहींना अटक झाली, काहींना जुन्या शत्रूंनी घरात घुसून मारलं. डिसेंबर २०११ मध्ये शेवटची अमेरिकी तुकडी बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी सुन्नी उपराष्ट्रपती तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट निघालं. २०१२ च्या अखेरीस सुन्नी शहरांत धरणी सुरू झाली. एप्रिल २०१३ मध्ये हवीजात सुरक्षा दलांनी आंदोलकांवर गोळीबार केला.

मे २०१० मध्ये संघटनेची सूत्रं घेतलेला अबू बक्र अल-बगदादी हे सगळं पाहत होता. २००४ मध्ये तो अमेरिकेच्या कॅम्प बुक्का तुरुंगात होता. कैद्यांत संघटना कशी बांधायची, हे त्याने आतून पाहिलं होतं. त्याच्या लोकांनी वर्षभर तुरुंगांवर हल्ले केले. जुलै २०१३ मध्ये अबू गरीबच्या तुरुंगातून ५०० हून अधिक कैदी पळाले. १० जून २०१४ ला मोसुल पडलं. चार वर्षांपूर्वी ज्या संघटनेचे ४२ पैकी ३४ म्होरके संपले होते, तिच्या ताब्यात लाखोंच्या वस्तीचं शहर आलं.

त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचली. मोसुलमध्ये काम करणारे ३९ भारतीय मजूर त्याच महिन्यात पळवले गेले. ते मारले गेल्याचं सरकारने मार्च २०१८ मध्ये सांगितलं. त्याआधी मे २०१४ मध्ये कल्याणमधले चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि या संघटनेकडे वळले.

बगदादी ऑक्टोबर २०१९ मध्ये सीरियातल्या बारिशा गावात मेला. त्याच्यामागून आलेले तीन नेतेही एकामागोमाग संपले. तरी मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रॉकस सिटी हॉलमध्ये याच 'इस्लामिक राज्य' संघटनेच्या खोरासान शाखेने १४० हून अधिक जणांचे जीव घेतले.

कचऱ्यातून सापडलेला माणूस

पेरू देशाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. 'शायनिंग पाथ' ही माओवादी संघटना तिथे १९८० पासून लढत होती. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक अबिमाएल गुझमान तिचा सर्वेसर्वा. १९९० मध्ये राजधानी लिमातल्या पोलिसांत जीईआयएन नावाचं छोटं पथक बेनेदिक्तो हिमेनेझ यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. या पथकाने छापे टाळले आणि पाळत ठेवली. सुर्किल्यो भागातल्या एका घरात वरवर फक्त एक नृत्यशिक्षिका आणि तिचा जोडीदार राहत होते. पथकाचे लोक कचरा गोळा करणारे बनून त्या घरातल्या पिशव्या उचलत. दोन माणसांच्या मानाने कचरा फार होता. त्यात सोरायसिसच्या मलमाच्या नळ्या होत्या, आणि गुझमानला सोरायसिस असल्याचं पोलिसांना माहीत होतं. १२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री तो जिवंत हाती लागला, रक्ताचा थेंबही न सांडता.

सगळा कारभार एका माणसाभोवती बांधलेला असल्याने संघटना झपाट्याने खचली. पण सरकार तिथे थांबलं नाही. शरण येणाऱ्यांना शिक्षेत सूट देणारा कायदा होता, डोंगरातल्या शेतकऱ्यांची गस्ती पथकं होती. १९९३ मध्ये गुझमाननेच तुरुंगातून शांततेची बोलणी करायची तयारी दाखवली आणि त्याच्या अनुयायांत फूट पडली. मेलेला नेता हुतात्मा होतो. जिवंत, हरलेला नेता अनुयायांना उत्तर द्यायला बांधील असतो.

पेरूचा इशाराही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याच काळात सरकारी मारेकरी पथकाने ला कान्तुता विद्यापीठातले नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक उचलून मारले. २००९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी यांना अशा गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. २००३ च्या सत्यशोधन आयोगाने या संघर्षातल्या बळींचा अंदाज सुमारे ६९ हजार दिला. त्यांतले बहुसंख्य क्वेचुआ बोलणारे गरीब शेतकरी. संघटनेला संपवलं ते कचरा चाळणाऱ्या पोलिसांनी आणि गस्त घालणाऱ्या शेतकऱ्यांनी. त्या मारेकरी पथकाने मागे ठेवली ती फक्त शोक करणारी घरं.

गडचिरोलीसाठी याचा अर्थ

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्या दारात आहे. २१ मे २०२५ रोजी छत्तीसगडच्या अबूझमाडमध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव ऊर्फ बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच पक्षाचा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. ही संघटना आज खरोखर मोडकळीला आली आहे. १९९० मध्ये स्थानिक मुलांमधून उभ्या केलेल्या सी-६० पथकाने आणि पोलिसांनी त्यासाठी मोठी किंमत मोजली. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलिस आणि त्यांचा वाहनचालक गेले, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच आता ढिलाई नको. पण लढाई चालू ठेवायची म्हणजे काय करायचं? माओवाद्यांचं पाऊल या जंगलात पडलं ते तेंदूपानाच्या मजुरीवरून, बांबूच्या दरावरून, वनखात्याच्या जाचावरून. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ज्या गावाला आपला बांबू स्वतः विकता येतो, आपला हिशेब स्वतः लिहिता येतो, तिथे बंदूकवाल्याला सांगायला फारसं काही उरत नाही. उलट, खाणीचा निर्णय गावाला न विचारता झाला, शरण आलेल्या मुलाला कबूल केलेली मदत मिळाली नाही, निरपराध आदिवासी वर्षानुवर्षं खटल्याविना तुरुंगात राहिला, तर सहवाच्या माणसांशी झालेला दगा आपण आपल्या मातीत करू.

नेता मारण्याचं श्रेय घ्यायला सगळे पुढे येतात. त्यानंतरची दहा वर्षं मात्र तलाठी, शिक्षिका, ठाणेदार, न्यायाधीश आणि ग्रामसभेची असतात, आणि त्यांच्यासाठी पत्रकार परिषद होत नाही. त्या वर्षांसाठी पैसा, माणसं आणि लक्ष देण्याची तयारी असेल, तरच म्होरक्या मेल्याचा आनंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे. गडचिरोलीची ती वर्षं सुरू झाली आहेत. त्यांचा जाब आपण प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक निवडणुकीत मागत राहिलं पाहिजे.