‘मोरओव्हर’ कशाला कशाशी जोडतो?

बारावीच्या इंग्रजीचे कुठलेही गाइड उघडले किंवा आयेल्ट्सच्या क्लासमध्ये वाटलेल्या झेरॉक्स चाळल्या, की ‘लिंकिंग वर्ड्स’चा तक्ता हटकून सापडतो. एका खान्यात भर घालणारे शब्द: मोरओव्हर, फर्दरमोर, इन ॲडिशन. दुसऱ्यात विरोध दाखवणारे: बट, हाउएव्हर, ऑल्दो, डिस्पाइट. तिसऱ्यात परिणामाचे: सो, देअरफोर, हेन्स. शेवटी समारोपाचे, म्हणजे टू कन्क्लूड आणि इन अ नटशेल. तक्ता वाईट नाही. शब्द ठाऊक असायलाच हवेत. अडचण आहे ती तक्त्यासोबत येणाऱ्या समजुतींची. यातले शब्द वाक्यांच्या तोंडी पेरले की लेखन सुसंबद्ध होते, जितके जास्त शब्द तितके जास्त मार्क, आणि एका खान्यातला शब्द दुसऱ्याच्या जागी बिनदिक्कत चालतो, असे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. जोडशब्द दोन विचारांत नाते निर्माण करतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फक्त असलेले नाते वाचकाला कळवतो, आणि नाते नसेल तर चक्क खोटे बोलतो.

मोबाइलवरच्या निबंधाचा एक नमुना घेऊ. सोयीसाठी जोडशब्द तेवढे इंग्रजी ठेवतो: “मोबाइलमुळे जग जवळ आले. मोरओव्हर, मोबाइलमुळे मुलांचे डोळे बिघडतात. फर्दरमोर, बाजारात अनेक कंपन्यांचे मोबाइल मिळतात. हेन्स, मोबाइल जपून वापरावा.” इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. पण ‘मोरओव्हर’ वाचकाला काय सांगतो ते पाहा. ‘आत्ता जो मुद्दा मांडला त्याच बाजूचा आणखी एक, आणि बहुधा अधिक वजनदार मुद्दा देतो’, हे त्याचे आश्वासन. इथे तर पहिले वाक्य मोबाइलच्या बाजूचे आणि दुसरे विरोधातले. ‘फर्दरमोर’नंतर आलेली कंपन्यांची माहिती ना या बाजूची ना त्या बाजूची. ‘हेन्स’ म्हणजे ‘वरील कारणांमुळे’. पण जग जवळ येणे आणि दुकानात भरपूर मॉडेल्स असणे ही जपून वापरण्याची कारणे कशी? हे जोडशब्द काढून टाकले तर चार सुटी वाक्ये उरतात, आणि सुटी म्हणून ती निदान प्रामाणिक वाटतात. डब्ल्यू. जे. क्रू यांनी 1990 साली ‘ईएलटी जर्नल’मधल्या लेखात नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले होते: विचारात आतून तर्क नसताना वरून जोडशब्द चढवले, की तर्काचा नुसता आभास तयार होतो.

मग वाक्ये एकमेकांना धरून राहतात ती कशाच्या बळावर? याचे सर्वांत पायाभूत उत्तर एम. ए. के. हॅलिडे आणि रुकैया हसन यांच्या 1976 सालच्या ‘कोहीजन इन इंग्लिश’ या पुस्तकात आहे. इंग्रजीत वाक्ये बांधून ठेवणारे पाच मार्ग त्यांनी दाखवले. सर्वनामे व दर्शक शब्द हा एक. एका शब्दाऐवजी दुसरा पर्यायी शब्द ठेवणे हा दुसरा. समजण्याजोगा भाग गाळणे हा तिसरा. जोडशब्द हा चौथा. आणि त्याच किंवा जवळच्या अर्थाचे शब्द पुन्हा आणणे हा पाचवा. म्हणजे ज्यावर सगळी भिस्त ठेवायला शिकवले जाते तो पाचांतला एक मार्ग आहे. उरलेल्या चारांचे काम किती बिनबोभाट चालते हे एका उदाहरणात दिसेल. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, हे इंग्रजीत लिहून झाल्यावर पुढचे वाक्य ‘धिस डिसिजन’ या दोन शब्दांनी सुरू केले, की जोड झाली. ‘धिस’ने मागे बोट दाखवले आणि ‘डिसिजन’ने मागच्या अख्ख्या वाक्याला नाव दिले. इथे ‘मोरओव्हर’ला करायला कामच उरत नाही. ‘धिस’ आणि एक नेमके नाम, ही जोडी इंग्रजी गद्यात पदोपदी भेटते, पण आपल्या तक्त्यांत तिला जागा नसते, कारण ती पाठ करता येत नाही. प्रत्येक वेळी मागच्या वाक्यात आपण नेमके काय म्हटले हे ठरवूनच ते नाम निवडावे लागते. निर्णय, अपयश, तक्रार की योगायोग? ही निवड म्हणजेच विचार करणे.

आता एकाच खान्यातल्या शब्दांकडे वळू. ‘पण’ या अर्थाच्या खान्यात बट, हाउएव्हर, ऑल्दो आणि डिस्पाइट शेजारी शेजारी बसतात, आणि व्याकरणात मात्र चौघांची जात वेगळी. ‘इट वॉज लेट, बट वी वेटेड’ हे बरोबर, कारण ‘बट’ दोन समान दर्जाची वाक्ये जोडतो. आपल्या व्याकरणातले प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यय. ‘ऑल्दो इट वॉज लेट, वी वेटेड’ हेही बरोबर, पण इथे पहिले वाक्य गौण झाले. ‘हाउएव्हर’ मुळात उभयान्वयी नाहीच, ते क्रियाविशेषण आहे. त्यामुळे ‘इट वॉज लेट’नंतर स्वल्पविराम देऊन ‘हाउएव्हर वी वेटेड’ लिहिले तर ती चूक. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम. क्रियाविशेषण असल्यामुळेच त्याला ‘वी, हाउएव्हर, वेटेड’ असे मधेही सरकता येते. ‘बट’ला ती मुभा नाही. ‘डिस्पाइट’ तर शब्दयोगी, त्याला पुढे नाम लागते: ‘डिस्पाइट द लेट अवर, वी वेटेड’. त्याच्यापुढे ‘ऑफ’ चिकटवण्याची सवय ‘इन स्पाइट ऑफ’वरून येते आणि भल्याभल्यांच्या अर्जांत दिसते. अर्थाचा एक खाना, व्याकरणाचे चार नियम. तक्ता नेमके हेच झाकतो.

इथे मराठीची एक खोड आडवी येते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मराठीत गौण वाक्याला जोडीदार लागतो. जरी आला की तरी येतोच. जर–तर, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. ‘उशीर झाला तरी आम्ही थांबलो’ असे ‘जरी’ गाळून म्हणता येते, पण ‘तरी’ गाळून वाक्य लंगडे होते. हाच साचा मनात ठेवून इंग्रजी लिहिले की ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट वी वेटेड’ तयार होते, आणि कारणाच्या वाक्यात ‘बिकॉज’च्या जोडीला ‘सो’ येऊन बसतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकानेच भागते. ही चूक मराठी विद्यार्थ्याच्या हलगर्जीपणाची खूण नव्हे. चिनी भाषेतही असे जोडीने येणारे शब्द आहेत आणि चिनी विद्यार्थीही ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात घालतात. गंमत म्हणजे ‘ऑल्दो’सोबत ‘यट’ किंवा ‘स्टिल’ चालून जातात, कारण ते तिथे क्रियाविशेषणासारखे वागतात. उलट कधी कधी मराठी कान मदतच करतो. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आणि ‘ऑन द अदर हँड’ यांची गल्लत सर्रास होते. ‘तो आळशी नाही, उलट मध्यरात्रीपर्यंत काम करतो’ यात आधीच्या समजुतीचे खंडन आहे, तिथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ हवे. ‘मुंबईची हवा दमट, तर पुण्याची कोरडी’ यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त निराळ्या. तिथे ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहिले तर अर्थाचा विचका होतो.

जास्त जोडशब्द म्हणजे चांगले लेखन, हा समज संशोधनात टिकत नाही. सिल्व्हियान ग्रँजर आणि स्टेफनी टायसन यांनी 1996 मध्ये फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांशी ताडून पाहिले. एकूण संख्येत फार तफावत नव्हती. फरक होता तो कुठले शब्द वापरले यात. ‘मोरओव्हर’, ‘इनडीड’, ‘ऑन द कॉन्ट्ररी’ यांचा सुकाळ आणि ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘दस’, ‘यट’ यांचा दुष्काळ. म्हणजे भर घालणारे शब्द मुबलक आणि युक्तिवादाला वळण देणारे कमी. स्कॉट क्रॉसली आणि डॅनिएल मॅकनामारा यांनी 2012 मध्ये हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांचे निबंध संगणकाने तपासले, तेव्हा वरच्या श्रेणीचे निबंध जोडणीच्या मोजमापांत सरस निघाले नाहीत. त्यांचे वेगळेपण शब्दसंपदेत होते. आणि हा दोष फक्त परभाषकांचा आहे असेही नाही. किंग्जली बोल्टन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये तुलनेसाठी छापील शोधनिबंध घेतले, तेव्हा हाँगकाँगचे आणि ब्रिटनचे विद्यार्थी दोघेही जोडशब्दांची खैरात करताना आढळले. अनुभवी लेखक हात आखडता घेतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा: परीक्षेत मार्क मिळतात ना, मग झाले. हा आक्षेप परीक्षेच्याच नियमांपाशी अडतो. आयेल्ट्सच्या लेखनात चार समान वजनाचे निकष आहेत आणि त्यांतला एक सुसंगती व जोडणीचा. त्याची श्रेणीनिहाय वर्णने जाहीर आहेत. पाचव्या बँडच्या वर्णनात जोडणीच्या साधनांचा अपुरा, चुकीचा किंवा अति वापर हे लक्षण म्हणून नोंदले आहे. सहाव्यात जोडणी यांत्रिक असू शकते असे म्हटले आहे. आणि नवव्या बँडच्या लेखनात जोडणीकडे वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. चाळीस मिनिटांत किमान 250 शब्दांचा निबंध लिहिताना दर वाक्याच्या डोक्यावर ‘फर्दरमोर’ ठेवणारा उमेदवार स्वतःच्या हाताने स्वतःला पाचव्या-सहाव्याकडे ढकलतो. राज्य मंडळाची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मान्य. तिथे ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये ‘नो सूनर–दॅन’ वापरा, ‘टू’ काढा, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ने वाक्य पुन्हा लिहा, असे प्रश्न येतात. त्या सरावाने वाक्याची फिरवाफिरव हाताशी बसते, तेही कमी मोलाचे नाही. पण त्या प्रश्नात कुठला शब्द वापरायचा हे प्रश्नपत्रिका सांगते. निबंधात ते आपल्याला ठरवायचे असते, आणि त्याचा सराव कुठेच होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नवशिक्या लेखकाला, आणि नवख्या वाचकालाही, आधाराची गरज असते. जोडशब्द काढले तर मजकूर अवघड होणार नाही का? होईल, काही वाचकांना नक्की होईल. मॅकनामारा, किन्च आणि सहकाऱ्यांचा 1996 चा अभ्यास याच प्रश्नावर आहे. शाळकरी मुलांना हृदयविकाराविषयीचे उतारे दिले गेले. ज्यांना विषयाची माहिती कमी होती त्यांना सगळे दुवे उघड करून लिहिलेला मजकूर उपयोगी पडला. ज्यांना आधीच बरीच माहिती होती त्यांचे सखोल आकलन मात्र दुवे मोकळे ठेवलेल्या मजकुरातून अधिक चांगले झाले, कारण त्या जागा त्यांनी स्वतः भरल्या. पण दुवे उघड करण्यासाठी त्या मजकुरात काय केले होते? सर्वनामाच्या जागी नाम ठेवले, गाळलेली पायरी सांगितली, उपशीर्षके दिली. जोडशब्द हा त्यातला एक भाग. नवख्या वाचकाला मदत करायची तर ‘हेन्स’ लिहून भागत नाही, मधली पायरी लिहावी लागते. नवशिक्या लेखकाला आधार म्हणून तक्ता जरूर द्यावा, पण त्यात प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थाऐवजी तो कुठले आश्वासन देतो आणि त्याच्या मागेपुढे कुठले विरामचिन्ह लागते हे लिहावे. मग तक्ता लहान होईल. हरकत नाही.

एक गैरसमज मात्र थोडक्यात निकालात काढता येतो: ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये. इंग्रजी व्याकरणात असा नियम नाही. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ने तो स्पष्ट शब्दांत निराधार ठरवला आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील 31 वचनांपैकी 29 ‘अँड’ने सुरू होतात. लहान मुलांच्या ‘अँड देन, अँड देन’च्या माळा थांबवण्यासाठी वर्गात केलेली ही सोय पुढे नियम होऊन बसली असावी. त्यातून झाले असे, की विद्यार्थी साधा, चपखल ‘बट’ खोडून तिथे ‘हाउएव्हर’ आणतो आणि लेखन औपचारिक झाल्याचे समाधान मानतो. विल्यम स्ट्रंक यांच्या 1918 च्या पुस्तिकेत नेमका उलटा सल्ला होता: ‘तरीही’ या अर्थाने ‘हाउएव्हर’ वाक्यारंभी ठेवू नका. तो सल्लाही आज कोणी फारसा पाळत नाही.

बोलताना तर हा तक्ता जवळजवळ निकामी होतो. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांच्या 1999 च्या लाँगमन व्याकरणात प्रत्यक्ष संभाषणांच्या नोंदी तपासल्या आहेत. बोलण्यात वावरतात ते सो, देन, एनीवे आणि वाक्याच्या शेपटाला लागणारा ‘दो’. मुलाखतीत ‘फर्दरमोर, आय अॅम हार्डवर्किंग’ म्हणणारा उमेदवार चुकत नाही, पण पाठ केलेले बोलतोय हे समोरच्याला लगेच कळते. तिथे ‘आणि’साठी ‘अँड’, ‘पण’साठी ‘बट’ आणि ‘म्हणून’साठी ‘सो’ एवढे पुरते. लिहितानाची तपासणीही अवघड नाही. मसुदा झाला की प्रत्येक जोडशब्दावर पेन्सिलीने काट मारून वाक्य वाचावे. ‘मोरओव्हर’ आणि ‘फर्दरमोर’ काढल्याने बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’ किंवा ‘देअरफोर’ काढल्यावर अर्थ बदलला किंवा हरवला, तर पेन्सिलीची रेघ पुसून तो शब्द परत घ्यावा.