सार्वजनिक सायकल : वर्ध्याच्या निमित्तानें

वर्धा हें आकारानें मध्यम, परंतु शिक्षणसंस्थांनीं भरलेलें गांव आहे. १९३६ सालीं गांधीजी जवळच्या सेगांवांत राहावयास गेले. १९४० सालीं त्या खेड्याचें नांव सेवाग्राम झालें. आज सेवाग्रामला १९६९ सालीं निघालेलें वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें कस्तुरबा रुग्णालय आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. सावंगीला दुसरें वैद्यकीय महाविद्यालय आहे, टेकड्यांवर हिंदी विश्वविद्यालय वसलें आहे आणि खुद्द गांवांत वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयें आहेत. संस्था पुष्कळ, पण त्या एकमेकींपासून दूर. वर्धा शहरापासून सेवाग्राम आश्रमच सुमारें ८ किलोमीटरांवर आहे.

वसतिगृहांत राहणाऱ्या मुलीची अडचण येथूनच सुरू होते. दोनतीन किलोमीटरांचें अंतर पायीं चालण्यास लांब; त्यांतून वैशाखांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ऑटोरिक्षाचें रोजचें भाडें खिशाला जड, आणि मोटरसायकल घेऊन देण्याची ऐपत शेतकरी बापाला नसते. अशा वेळीं सार्वजनिक सायकलीची योजना उपयोगी पडेल काय, हा प्रश्न सहज पुढें येतो.

ही कल्पना विदर्भाला अगदींच नवी नाहीं. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें एके काळीं गांवोगांव असत. परंतु तेथील सायकल घेतली त्याच दुकानीं परत करावी लागे. सार्वजनिक सायकल एका थांब्यावर घ्यावयाची व दुसऱ्या थांब्यावर सोडावयाची. ह्या एका फरकानें सोय वाढते, आणि सर्व अडचणीही ह्याच फरकांतून उत्पन्न होतात. जुना दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडानें ओळखत असे; ती ओळख हेंच त्याच्या सायकलीचें कुलूप होतें. नव्या योजनेंत ओळख राहत नाहीं. तिच्या जागीं काय ठेवावयाचें, हा प्रश्न गेलीं साठ वर्षें जगभर चर्चिला जात आहे.

१९६५ सालीं ॲम्स्टरडॅममध्यें कांहीं तरुणांनीं पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलुपावांचून रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्यानें न्यावी व काम झालें कीं सोडून द्यावी, असा त्यांचा हेतु. विनाकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणें कायद्यांत बसत नाहीं म्हणून पोलिसांनीं त्या जप्त केल्या. १९९५ सालीं कोपनहेगनमध्यें अनामत नाणें घालून सायकल सोडवण्याची रीत आली. पण नाण्याला नांव नसतें, त्यामुळें चोरी थांबली नाहीं. १९९६ सालीं इंग्लंडांतील पोर्ट्‌समथ विद्यापीठानें विद्यार्थ्यांना चुंबकीय पट्टीचें कार्ड दिलें. सायकल कोणी नेली हें प्रथमच समजूं लागलें. पुढें २००७ सालीं पॅरिसनें हीच पद्धति मोठ्या प्रमाणावर उभी केली.

आपल्या देशांत २०१७ सालीं दोन वेगळे प्रयोग झाले. म्हैसुरास सुमारें साडेचारशें सायकली व पन्नासाच्या आसपास थांबे घेऊन योजना निघाली. तेथें सायकल ठरलेल्या थांब्यावरच कुलुपांत लावावी लागे. पुण्यास त्याच वर्षाच्या डिसेंबरांत औंध व विद्यापीठाच्या आवारांत आरंभ झाला. पाठोपाठ अनेक कंपन्या आल्या. मोबाइलनें कुलूप उघडे व थांब्याचें बंधन सैल होतें. सायकली भराभर वाढल्या, परंतु मोडतोड व चोरी ह्यांनीं त्या गांजल्या आणि कांहीं वर्षांतच बहुतेक कंपन्यांनीं आपला पसारा आवरला. सायकल रस्त्यावर आणणें सोपें, ती चालूं ठेवणें अवघड, हा पुण्याचा धडा वर्ध्यानें आधींच वाचून ठेवावा.

योजना आखतांना पहिला हिशेब अंतराचा. जाणकारांच्या मतें दोन थांब्यांमध्यें सुमारें ३०० मीटर अंतर असावें. म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरांत दहा ते सोळा थांबे पडतात. वर्धा व सेवाग्राम ह्यांच्यामधील सबंध पट्ट्यांत असे थांबे मांडूं गेल्यास त्यांतील पुष्कळसे शेतांत उभे राहतील. म्हणून चहूंकडे थोडे थोडे पेरण्यापेक्षां वसतिगृहें, वर्ग, रुग्णालय, बाजार व रेल्वेस्थानक जेथें जवळजवळ आहेत तेथें दाट आरंभ करणें शहाणपणाचें. थांबा दूर असला, तर तेथपर्यंत चालत जाणारा माणूस पुढेंही चालतच जातो.

दुसरा हिशेब फेऱ्यांचा. एका सायकलीचे दिवसांतून चार ते आठ फेरे व्हावेत, तरच खर्चाचें सार्थक होतें. विद्यार्थी सकाळीं सायकल घेऊन वर्गाला गेला व सायंकाळीं तिनेंच परतला, तर दिवसाला दोनच फेरे झाले. मग प्रत्येक विद्यार्थ्यामागें एक सायकल लागेल. त्यापेक्षां प्रत्येकाला स्वतःची जुनी सायकल घेऊन दिलेली स्वस्त पडेल. ह्यासाठीं मधल्या वेळीं दुसरे स्वार हवेत. रुग्णालयांत नातलगाजवळ बसलेला खेडूत, बाजारास निघालेली परिचारिका, आश्रम पाहावयास आलेला प्रवासी, ह्यांनाही सायकल मिळाली पाहिजे. केवळ विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर दार उघडणारी योजना ह्या गणितांत नापास होते. ज्याच्याजवळ मोबाइल नाहीं, त्याच्यासाठीं साधें कार्ड हवेंच.

तिसरी गोष्ट ओघाची. सकाळीं सर्व सायकली महाविद्यालयांकडे जातात व वसतिगृहांपाशीं एकही उरत नाहीं. सायंकाळीं उलट घडतें. समजा, नागपूरच्या गाडीनें स्थानकावर पन्नास माणसें उतरलीं आणि थांब्यावर दहाच सायकली आहेत. तर चाळीस जण निराश होऊन ऑटोरिक्षा करतील व दुसऱ्या दिवशीं थांब्याकडे पाहणारही नाहींत. म्हणून रिकाम्या थांब्यांवर सायकली नेऊन टाकणारी छोटी गाडी हवी. शिवाय सायकली लावण्याच्या जागा सायकलींच्या दुप्पट किंवा त्याहून थोड्या अधिक असाव्या लागतात. नाहीं तर परत करणाऱ्याला भरलेल्या थांब्यापाशीं ताटकळावें लागतें.

सायकलही विचारपूर्वक निवडावी. साडी नेसलेल्या बाईला सहज चढतां यावें म्हणून मधला दांडा खालीं असावा. दिवा व घंटी मजबूत असावी. ह्या भागांत बाभळीचे काटे पुष्कळ. भरीव टायर पंक्चर होत नाहींत, परंतु हिंदी विश्वविद्यालयाच्या चढावर ते पायांना जड जातात. हवेचे टायर हलके धांवतात, पण त्यांना रोज पाहणारा माणूस लागतो. हा माणूस परगांवाहून आणण्याचें कारण नाहीं. पंक्चर काढणारे कारागीर वर्ध्यांत आहेतच. देखभालीचें काम त्यांच्याकडे सोंपवलें, तर त्यांचा धंदा बुडण्याऐवजीं वाढेल आणि सायकलही त्याच दिवशीं दुरुस्त होईल.

शेवटीं पैशाची गोष्ट. भाडें विद्यार्थ्याला परवडेल इतकें ठेवलें, तर त्यांत सर्व खर्च निघेल असें धरून चालूं नये. बाकीचा भार नगरपरिषद व शिक्षणसंस्था ह्यांनीं वांटून घ्यावा लागेल, आणि ती रक्कम पहिली सायकल येण्यापूर्वींच ठरली पाहिजे. उद्घाटनाला पाहुणे मिळतात. तिसऱ्या वर्षींच्या चेन व ब्रेकसाठीं तरतूद मिळणें कठीण असतें. ती तरतूद झाली, तर वसतिगृहांतील त्या मुलीचा रोजचा वेळ व भाडें वांचेल. ती झाली नाहीं, तर थोड्याच दिवसांत थांब्यावर गंजलेल्या सायकलींची रांग उभी राहील आणि ती मुलगी पुन्हां उन्हांतून पायीं निघेल.