लेखांक ७ : किंमत कोणी मोजली?

स्वारगेटहून उत्तरेला निघून घोरपडे पेठ ओलांडली की गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाचं उंच घंटाघर दिसू लागतं. हेच पंचहौद मिशन. १८९० च्या ऑक्टोबरात इथल्या एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली घेतलं आणि सुधारक मंडळींचा रोष ओढवून घेतला.

हा किस्सा आपण हसत सांगतो. पण चहाचा दोष प्रायश्चित्ताने धुऊन निघत होता; बाप्तिस्मा घेतलेल्याला परतीची वाट नव्हती. जात गेली की वडिलोपार्जित वाटाही जायचा. तो जाऊ नये म्हणून १८५० साली कंपनी सरकारने कायदा केला खरा, पण कायदा वाटा देतो, पंगतीत पान मांडत नाही.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं येशू मागे येणाऱ्या लोकसमुदायाला सांगतो. आपल्याकडच्या धर्मांतरितांनी तो केला नाही असं नाही. मात्र चरित्रं वाचताना एक गोष्ट खटकत राहते: निर्णय एकाचा, आणि भरणा घरातल्या दुसऱ्याच कोणाचा.

नीलकंठशास्त्री गोरे हे मूळचे कोकणस्थ घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ साली स्वतःच नेहेम्या झाले. पंचहौद मिशन चालवणाऱ्या साधुसंघाशी त्यांचा पुढे जवळचा संबंध आला. त्यांच्या त्यागाची वर्णनं भरपूर आहेत. त्यांची पत्नी १८५३ साली वारली, मागे तान्ही मुलगी ठेवून. ती एलन लक्ष्मी गोरे परक्या मिशनरी कुटुंबात, इंग्लंडमध्ये वाढली. तिला कोणी विचारलं होतं?

लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र स्वतःच सांगून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. पदरी लहानगा दत्तू. कपाळाला कुंकू होतं, नवरा जिवंत होता आणि संसार नव्हता. काही वर्षं अशी नातेवाइकांच्या आधाराने काढून त्या अहमदनगरला गेल्या, तरी सोवळं सुटलं नाही; आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात इतक्या विनोदाने आलंय की वाचणारा हसतो आणि हिशेब विसरतो. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हाही पगार थांबला तो दोघांचाच. टिळक मोठे होतेच. माझ्या मते त्या घरातला मोठा त्याग लक्ष्मीबाईंचा, कारण तो त्यांनी निवडलेला नव्हता.

ब्राह्मण धर्मांतरितांची चरित्रं झाली. नगर, जालना भागात गावकुसाबाहेरून जे हजारो ख्रिस्ती झाले, त्यांची फारशी कोणी लिहिली नाहीत. त्यांच्या नातवंडांना आज भेडसावतो तो जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. चर्चमध्ये जातो म्हणून गावाने जात विसरलेली नसते. विसरतं ते फक्त सरकारी कार्यालय. या प्रश्नासाठी २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. इथेही निर्णय आजोबांचा आणि फी भरणार नातू.

पुढच्या आठवड्यात पंडिता रमाबाई आणि केडगाव. तोवर 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर धर्मांतराची प्रकरणं पुन्हा काढून वाचा, या खेपेला दत्तूकडे लक्ष ठेवून.